योनाच्या पुस्तकातील हास्य

पवित्र शास्त्रात विनोद आहे असे म्हटले की पुष्कळ भाविकांच्या कपाळी आठी पडते. योनाच्या पुस्तकाचे तर या धास्तीने विशेष नुकसान झाले आहे. मासा माणसास गिळू शकेल किंवा नाही, याच प्रश्नावर प्रवचने व वादविवाद खर्ची पडतात. परंतु पुस्तकाच्या 48 वचनांपैकी अवघी तीन माशाविषयी आहेत. उरलेल्या वचनांत काय घडते, ते पाहू.

देव संदेष्ट्यास निनवेला जाण्यास सांगतो. संदेष्टा उलट दिशेस जाणारे तारू गाठतो. वादळात परधर्मी खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात आणि खऱ्या देवाचा सेवक खाली गाढ झोपलेला असतो. प्राचीन ग्रीक भाषांतर तर तो घोरत होता असेच म्हणते. त्याला प्रार्थनेची आठवण करून देतो तो तारवाचा परधर्मी नाखवा! पुढे माशाच्या पोटातून योना मूर्तिपूजकांस नावे ठेवतो. इकडे त्याच खलाशांनी परमेश्वरास यज्ञ करून नवसही केलेले असतात. त्याचे स्तोत्र संपताच मासा त्याला ओकून टाकतो. इब्री मजकुरात ‘ओकणे’ हेच क्रियापद आहे. ते सौम्य करण्याचा मोह भाषांतरकाराने आवरावा, असे आम्हांस वाटते.

निनवेतील त्याचा उपदेश इब्रीत जेमतेम पाच शब्दांचा आहे. त्यात ना देवाचे नाव, ना पश्चात्तापाचे आवाहन. तरीही राजापासून रंकापर्यंत सारे उपास करतात. गुराढोरांनाही गोणताट नेसवले जाते. इतके यश कोणत्या संदेष्ट्याच्या वाट्यास आले? आणि यशाने इतका संतापलेला उपदेशक तरी दुसरा कोण? ‘उलथणे’ या अर्थाच्या ज्या क्रियापदाने त्याने नाशाची घोषणा केली, त्याचा ‘पालटणे’ असाही अर्थ होतो. त्याची वाणी खरी ठरली. फक्त त्याला नको होती त्या अर्थाने.

चौथ्या अध्यायात विनोद अधिक धारदार होतो. देव कृपाळू व मंदक्रोध आहे, ही निर्गमाच्या 34व्या अध्यायातील थोर घोषणा योना जवळजवळ आरोपपत्र म्हणून वाचून दाखवतो. सावली देणारे रोप एका किड्याने वाळवले म्हणून तो मरण मागतो. एक लाख वीस हजार माणसांसाठी मात्र त्याला हळहळ नाही.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. निनवे ही अश्शूरची नगरी. अश्शूरने इ. स. पूर्व 722 च्या सुमारास शोमरोन जिंकून उत्तरेकडील इस्राएलचे राज्य बुडविले. ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्या क्रोधास हसावे काय? आमच्या मते लेखक त्या जखमेस हसत नाही. देवही योनाला शिक्षा करीत नाही. रागावणे योग्य आहे काय, एवढेच विचारतो. हसू आहे ते त्या जखमेतून उपजलेल्या हिशेबावर: क्षमा मला हवी, माझ्या वैऱ्यास नको. उघड निषेध केला असता तर वाचकाने स्वतःचा बचाव उभारला असता. येथे तो आधी योनाला हसतो, आणि मग आपण स्वतःलाच हसलो हे त्याच्या ध्यानी येते. नाथान संदेष्ट्याने दावीदास मेंढीची गोष्ट सांगून हेच साधले होते. तेथे क्रोध साधन होता, येथे हास्य आहे.

म्हणून या पुस्तकातील विनोद काढून टाकणे म्हणजे त्यातील दोषारोपच काढून टाकणे होय. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी हेच पुस्तक वाचतात, यात मोठे मर्म आहे.

पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपते, आणि त्या प्रश्नाचे शेवटचे शब्द गुराढोरांविषयी आहेत. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. उपासनेत हा अध्याय वाचणाऱ्याने तेथेच थांबावे, घाईने बोध सांगू नये. मंडळीत कोणी हसले तर हसू द्यावे; ज्याचे नाव ऐकताच आपले ओठ आवळतात तो मनुष्य, त्या हसण्यानंतरच्या शांततेत, ज्याचा त्याला आठवेल.