दैव नव्हे, निवड समिती

मराठी क्रिकेट-लेखनाला एक शब्द फार प्रिय आहे : दैव. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी खेळली नाही. ते दैव. हरयाणाच्या राजिंदर गोयलांनी ७५० बळी घेतले, त्यांतले ६३७ रणजीत. तेही कसोटीपासून वंचितच राहिले. तेही दैव. अमोल मुजुमदारने पदार्पणातच २६० धावा काढल्या, पुढे अकरा हजारांवर धावा जमवल्या आणि भारताची टोपी त्याला कधी मिळाली नाही. पुन्हा दैवच. शिवलकरांच्या आत्मचरित्राच्या नावातच 'दैवगती' आहे. त्या थोर गोलंदाजाविषयी माझ्या मनात आदरच आहे. बिशनसिंग बेदीसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज त्याच काळात उभा असताना जागा एकच होती, हेही खरे. माझी तक्रार शब्दाशी आहे. ज्या निर्णयामागे टेबलाभोवती बसलेली पाच माणसे होती, त्याला आपला समीक्षक दैव का म्हणतो? दैव म्हटले की विचारायला कोणी उरत नाही. या शब्दाची आपल्याला जुनी ओळख आहे. गावकुसाबाहेर जन्मणे हेही दैवच होते.

आता या दैववादी समीक्षेसमोर चौथा एक डावखुरा गोलंदाज उभा करू. बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. जात चांभार, वडील पुण्याला लष्करात. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात बाळू खेळपट्टीची निगा राखायचे आणि सरावाला गोलंदाजी करायचे. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला त्यांनी तासन् तास चेंडू टाकले. त्या सरावात त्यांच्या हातात बॅट मात्र एकदाही देण्यात आली नाही. गोलंदाजी म्हणजे राबणे, फलंदाजी म्हणजे मिरवणे, ही वाटणी साहेबाचीही होती आणि आपल्या वर्णव्यवस्थेला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुढे पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून हा गोलंदाज त्यांना संघात हवा झाला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत होते. चहाची वेळ झाली की त्याला मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूही चामड्याचाच, बरे का. त्या चामड्याला कोणाचा हात लागला होता, याची चौकशी कोणी केली नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, १९०७ साली पुन्हा हरवले. दोन्ही वेळा बाळूंची गोलंदाजी आघाडीवर होती. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघातून त्यांनी इंग्लंडात ११४ बळी मिळवले. त्यांची प्रथम श्रेणीची सरासरी पंधराच्या आसपास आहे. इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९१३ साली खुद्द कर्णधार एम. डी. पै यांनी जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंचा होता. निवड समितीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे. बळी मोजता येतात. धावफलकावर नाव चढते, ते पुसता येत नाही. म्हणून गोलंदाज बाळूंपुढे व्यवस्थेला हात टेकावे लागले. नेतृत्वगुण मोजता येत नाही. 'वजन', 'घरंदाजपणा', 'इतर खेळाडू ऐकतील का', असल्या शब्दांत तो तोलला जातो, आणि या शब्दांच्या आडोशाला जात निवांत बसते. आपल्या शिक्षक वाचकांना हे वेगळे सांगायला नको. लेखी परीक्षेत पुढे असलेला आपला मुलगा तोंडी परीक्षेत मागे का पडतो, हे त्यांनी पाहिलेले आहे.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना वगळले. पै आजारी होते. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल हे त्या वेळी हिंदूंचे आघाडीचे फलंदाज. कर्णधारपद मात्र पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्यामागचे कारण जाहीर केले. याला संप म्हणतात. अंतिम सामन्यात पै परतले, भाऊ परतले, बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळात बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवले. देवधर मोठे फलंदाज होते, त्यांचे कर्तृत्व कोणी नाकारू नये. पण १९७३-७४ पासून त्यांच्या नावाचा करंडक आहे. रणजी, दुलीप, इराणी, विजय हजारे, मुश्ताक अली अशी बोर्डाच्या स्पर्धांची नावे मोजत जा. पालवणकर हे नाव कुठेही आढळत नाही. नाव देणे हीही निवडच असते.

हा सारा इतिहास वाचकांपुढे आणण्याचे श्रेय रामचंद्र गुहांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या इंग्रजी ग्रंथाला दिलेच पाहिजे. आपल्या मराठी क्रीडालेखकांच्या अंगणातली ही गोष्ट, आणि ती बाहेरच्या माणसाने खणून काढावी, हे आपल्या क्रीडासमीक्षेला भूषणावह नाही. पण गुहांच्या मांडणीशी माझा मतभेद आहे. ते काही दडवीत नाहीत. भावांच्या माघारीची हकीकत त्यांनीच तपशिलाने दिली आहे. तरीही विठ्ठलांचे कर्णधारपद त्यांच्या कथनात गांधीयुगातील मनःपरिवर्तनाचे फळ म्हणून येते. मला त्यातला क्रम उलटा दिसतो. सवर्णांचे मन पालटले आणि मग दार उघडले, असे घडले नाही. दोन उत्तम खेळाडू बाहेर बसले, संघ दुबळा झाला, अंतिम सामना तोंडावर आला, आणि दार किलकिले करणे भाग पडले. परिवर्तनाचे श्रेय देणाऱ्याला आणि नकाराचे धाडस विस्मरणात, हा आपल्याकडच्या इतिहासलेखनाचा जुना शिरस्ता आहे.

बाळूंबाबत आपल्या चळवळीतही एक अवघडलेपण आहे. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले; बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवले. राजकारणात ते चुकीच्या बाजूला होते, असे मी निःशंकपणे म्हणेन. पण ज्या हिंदू संघाने त्यांना चहाचा कप दिला नाही, त्याच्या राजकीय छावणीत ते का गेले, हा प्रश्न त्यांना वगळून सुटत नाही. जिंकून दिले की आपले म्हणतील, ही आशा मैदानात पोसली जाते आणि माणूस ती घेऊन मैदानाबाहेरही चालत राहतो.

आजचे काय? आज चहाचे भांडे वेगळे नाही. पण 'होतकरू खेळाडू' हा शब्द पाहा. होतकरू म्हणजे ज्याने अजून काही केलेले नाही, पण जो पुढे करील असे निवडणाऱ्याला वाटते. म्हणजे पुन्हा जे मोजता येत नाही तेच! चौदा वर्षांखालील चाचणीला शेकडो मुले येतात, एकेकाच्या वाट्याला मोजके चेंडू. त्यात डोळ्यांत भरतो तो घोटीव पवित्रा, उंच कोपर, नीट बसणारे पॅड. हे सारे वर्षानुवर्षांच्या पैसे मोजून घेतलेल्या सरावातून येते. मरीन लाइन्सला समुद्रालगत जिमखान्यांची रांग आहे. ती जमातवार वसवलेली आहे. पारशी, इस्लाम, हिंदू. त्या रांगेत चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या पोराचे मैदान कोणते? मुजुमदारची हळहळ मी समजू शकतो. पण तो दारापर्यंत पोचला तरी होता. जो दारापर्यंत पोचलाच नाही, त्याच्यासाठी हळहळायला आपल्या क्रीडासाहित्याकडे शब्द नाहीत, कारण त्याची सरासरीच नाही.

आरक्षण म्हटले की क्रिकेटमध्ये 'गुणवत्ता' धोक्यात येते. मग राष्ट्रीय निवड समितीत पाच विभागांचे पाच सदस्य अनेक दशके बसत आले, ते काय होते? प्रत्येक राज्याला रणजीत संघ, २०१८-१९ साली ईशान्येच्या राज्यांसह नऊ नवे संघ, हे काय आहे? प्रदेशाला प्रतिनिधित्व दिले की तो न्याय, जातीचे नाव काढले की पाप! विदर्भाचेच उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे तळाला राहिलेला हा संघ २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी विजेता झाला. नागपूरकडे गुणवत्ता अचानक आभाळातून पडली नाही. आधी संघ मिळाला, मग मैदाने आणि शिकवणारे मिळाले, आणि मग मुले दिसू लागली. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने २०१६ साली राष्ट्रीय संघात हंगामाच्या सरासरीने सहा गोरेतर आणि त्यांत किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू असावेत असे उद्दिष्ट जाहीर केले. त्यावर तिथे भांडणे झाली, आजही होतात. पण भांडायला आकडे तरी आहेत. आपल्याकडे कोण खेळतो हे जातीच्या अंगाने मोजायचेच नाही, आणि न मोजल्यामुळे भेदभाव नाही असे सिद्ध करायचे, असा व्यवहार आहे. आपले कार्यकर्ते आडनावांवरून संघ मोजतात, त्याला मात्र माझा विरोध आहे. आडनावे फसवतात. मागणी करायची तर ती चाचण्यांच्या नोंदवह्या उघड्या करण्याची करावी : कोणत्या शाळेतून किती मुले आली, किती चेंडू मिळाले, कोण कोणत्या टप्प्यावर गळले.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक काम आहे. विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली आले, म्हणजे 'बलुतं'च्या तीस वर्षे आधी. दलित आत्मकथनांच्या चर्चेत त्याचे नाव सहसा निघत नाही. खेळाडूचे पुस्तक म्हणून ते साहित्याबाहेर राहिले. जुन्या ग्रंथालयांत त्याचा शोध घ्यावा आणि ते वाचून त्यावर लिहावे.