‘खुली’, पण कोणासाठी?

एप्रिल २०२४ मध्ये मेटाने होरायझन ओएस इतर हेडसेट कंपन्यांसाठी खुली करत असल्याचं जाहीर केलं. पण खुलं झालं ते लायसन्स, सगळा सोर्स कोड नाही.

संशोधकाला हे कुठे नडतं? समजा, तुम्ही हातांच्या हालचाली मोजताय. कॅमेऱ्यांवरून हाताची जागा ओएसच ठरवते. मध्येच अपडेट आलं आणि आकडे बदलले, तर बदललं कोण? माणूस की सॉफ्टवेअर? आत बघायची सोय नाही.

याच कंपनीने २०२१ मध्ये ऑक्युलस गोसाठी रूट अ‍ॅक्सेस दिला होता. स्तुत्यच, पण तोवर त्याची विक्री बंद झाली होती!

म्हणून हेडसेट निवडताना विचारा: आजचीच आवृत्ती पाच वर्षांनी चालवता येईल का?