होमिलिउस, गोटफ्रीट आउगुस्ट

होमिलिउस, गोटफ्रीट आउगुस्ट : (२ फेब्रुवारी १७१४–२ जून १७८५). जर्मन चर्चसंगीतरचनाकार, ऑर्गनवादक व संगीतशिक्षक. जन्म सॅक्सनीमधील रोझेनटाल येथे, ल्यूथरपंथीय धर्मोपदेशकाच्या कुटुंबात. १७३५ मध्ये त्याने लाइपसिक विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. योहान झेबास्टिआन बाखच्या शिष्यांत त्याची गणना केली जाते. १७४२ मध्ये ड्रेझ्डेन येथील फ्राउएनकिर्ख या चर्चमध्ये त्याची ऑर्गनवादक म्हणून नेमणूक झाली. १७५५ पासून तो क्रॉइत्सकिर्ख या चर्चचा कँटर, म्हणजे संगीतप्रमुख होता. चर्चच्या शाळेतील मुलांना गायन शिकविणे हा या पदाच्या कर्तव्यांचाच भाग होता. १७६० मध्ये, सप्तवार्षिक युद्धात, प्रशियन तोफांच्या माऱ्याने हे चर्च उद्ध्वस्त झाले. नव्या वास्तूचे उद्‌घाटन १७९२ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर झाले. मधल्या काळात त्याला प्रामुख्याने फ्राउएनकिर्खमधूनच काम करावे लागले.

त्याच्या रचनांत साठांहून अधिक मोटेट (मुख्यतः वाद्यसाथीविना गावयाच्या समूहगायनरचना), दीडशेहून अधिक कँटाटा आणि ख्रिस्ताच्या यातनांवरील अनेक पॅशन-रचना यांचा समावेश होतो. त्यांपैकी फारच थोड्या त्याच्या हयातीत मुद्रित झाल्या. १७७५ मधील एक पॅशन-कँटाटा ही त्यांतील प्रमुख होय. तथापि हस्तलिखित प्रतींद्वारे त्याचे संगीत दूरवर पोहोचले. हँबर्ग येथे कार्ल फिलिप इमान्युएल बाखने आपल्या पॅशन-रचनांत त्याचा उपयोग केला.

बाखच्या संगीतात अनेक स्वतंत्र स्वरावली परस्परांत गुंफलेल्या असतात. होमिलिउस बहुधा एकाच गेय स्वरावलीस प्राधान्य देतो व इतर स्वरांना तिचा आधार बनवितो. त्यामुळे पवित्र वचनाचा शब्द न्‌ शब्द स्पष्ट ऐकू येतो. दीर्घ कँटाटांत या सुबोधतेमुळे नाट्यमय ताण कधीकधी उणावतो. याउलट मोटेटांत तिचे खरे सामर्थ्य प्रत्ययास येते : काही आवाज बायबलमधील वचन गात असताना त्यांवर परिचित स्तोत्राची संथ चाल उमटते आणि श्रोत्यांना ती आपलीच वाटते.

समकालीनांनी त्याला थोर चर्चसंगीतकार मानले. एकोणिसाव्या शतकात मात्र बाखच्या पुनरुज्जीवनानंतर त्याची साधी शैली ऱ्हासाचे लक्षण ठरली. हा निर्णय एकांगी होय. शालेय गायकवृंदाची कुवत आणि उपासकांची भावना ओळखून केलेले हे लेखन गुंतागुंतीच्या निकषावर मोजणे म्हणजे त्याचे प्रयोजनच नाकारणे होय. २०१४ मध्ये त्याच्या रचनांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध झाल्याने त्याच्या कार्याच्या यथोचित मूल्यमापनास भक्कम आधार लाभला आहे.