भात्यातला श्वास, विजेचा सूर

१

साधारण २००३ सालची गोष्ट. चितेगावात पैठण रस्त्याला लागून माझे दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. गावात टीव्हीचा मोठा कारखाना असल्यामुळे सोल्डरिंगची कला आमच्याकडे घरोघरी पोचली होती. मीही कारखान्यातल्या लोकांचे बघत बघत शिकलो. एके दिवशी शहरातल्या एका हौशी नाट्यमंडळीने आपला पायाचा ऑर्गन टेम्पोत घालून माझ्याकडे आणला. भात्याचे रबरी कापड ठिकठिकाणी फाटले होते, दोन-तीन पट्ट्या दबून बसल्या होत्या. तो वाजवणारे अण्णा सत्तरीपुढचे. गुडघे दुखतात, अर्धा प्रयोग झाला की पाय उचलत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती.

भाता मी दुरुस्त केला आणि वर माझी हुशारी चालवली. एका जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर ऑर्गनच्या मागे बसवली. हा ऑर्गन हवा आत ओढून वाजतो, तेव्हा ओढायचे काम मोटर करील आणि अण्णांच्या पायांना विश्रांती मिळेल, असा साधा हिशेब होता. तालमीत अण्णांनी दोन पदे वाजवली आणि मोटर बंद करायला सांगितली. म्हणाले, "सूर लागतोय रे, पण तो गाणाऱ्याबरोबर थांबत नाही."

मला राग आला. म्हाताऱ्या माणसाला नवे काही नको असते, असे म्हणून मी तो विषय सोडून दिला. त्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढची पंधराएक वर्षे लागली. तो लागला पं. गोविंदराव पटवर्धनांची ध्वनिमुद्रणे ऐकताना, आणि पक्का झाला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या एका विजेच्या ऑर्गनवादकामुळे. मी संगीत कुठेही रीतसर शिकलेलो नाही. यंत्र उघडून बघणे आणि ऐकणे, एवढीच माझी साधने. पुढचे विवेचन त्या मर्यादेत वाचावे.

२

ऑर्गन म्हणजे पायाने वाजवायची मोठी हार्मोनियम, असा समज सर्रास आढळतो. माझाही तोच होता. प्रत्यक्षात दोन्हींच्या पोटात पितळी सूर असले तरी हवेची दिशा उलटी असते. हार्मोनियमचा भाता हवा सुरांवर ढकलतो. आपल्या रंगभूमीवर रुळलेल्या अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनचा भाता ती सुरांमधून आत ओढतो. ढकललेल्या हवेचा सूर धारदार आणि थोडा नाकातला असतो. ओढलेल्या हवेचा सूर गोल आणि मऊ येतो, आणि तरीही भरून राहतो. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेपर्यंत पोचायचे आणि गाणाऱ्याचा आवाज झाकायचाही नाही, ही दुहेरी अट या सुराने पुरी केली. गंधर्व नाटक मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर थिरकवाँ असा थाट होता. मींड सारंगीने सांभाळायची आणि भरणा ऑर्गनने द्यायचा, अशी ती वाटणी मानता येईल. पुढे सारंगी नाट्यगृहातून जवळजवळ दिसेनाशी झाली आणि दोन्ही कामे ऑर्गनवर आली.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. पियानोसारखे बोटाच्या जोराला इथे मोल नाही. लहानमोठेपणा येतो तो कमरेखालून. दोन पाय भाता चालवतात. गुडघ्यांनी बाजूला सारायच्या दोन फळ्या असतात. एकीने झडपा उघडून आवाज वाढतो, दुसरीने सगळे सूर एकदम खुले होतात. थोडक्यात, बोटे कोणता सूर ते ठरवतात, आणि तो कसा म्हणायचा ते पाय व गुडघे ठरवतात.

माझ्या मोटरने नेमके हेच काढून घेतले होते. हवा अखंड आणि सारखी मिळू लागली आणि पाय बेकार झाले. गाणारा श्वास घ्यायला थांबला की अण्णांचा पाय नकळत सैल पडत असे आणि सूरही किंचित खाली बसत असे. मोटरला गाणाऱ्याचा श्वास कळायचा कसा?

३

गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) हे नाव नाट्यसंगीताच्या जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. छोटा गंधर्व, राम मराठे, वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकांना त्यांनी साथ केली. या तिघांची गायकी एकमेकांपासून किती लांब! छोटा गंधर्वांचा लडिवाळ ठहराव, राममास्तरांची लयीशी चाललेली झुंज आणि वसंतरावांचे अनपेक्षित वळण. एकच माणूस या तिघांमागे बसू शकतो, याचा अर्थ त्याच्यापाशी स्वतःची ठरलेली साथ नव्हती. समोरच्याचा गळा हीच त्याची संहिता.

त्यांच्या स्वतंत्र वादनात नाट्यपदे ऐकताना शब्द ऐकू येतात, असे रसिक नेहमी म्हणतात. हे कौतुक म्हणून सोडून न देता ते कसे घडते हे शोधायचा मी प्रयत्न केला. एकेक ओळ पुन्हापुन्हा ऐकल्यावर मला तीन गोष्टी दिसल्या. पहिली, व्यंजनाच्या जागी ते सूर तोडतात. गाताना ओठ मिटले किंवा जीभ टाळूला लागली की स्वर क्षणभर अडतो. तेवढीच फट ते बोट उचलून ठेवतात. दुसरी, जोडाक्षराच्या आघाताला शेजारच्या सुराचा निसटता कण लागतो. तिसरी आणि महत्त्वाची, ओळीच्या शेवटी सूर कापला जात नाही, तो विझतो. विझवणे हे बोटाचे काम नव्हे. पट्टी दाबलेलीच असते, हवा कमी होत जाते.

इथे एका जुन्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पेटी-ऑर्गनच्या पट्ट्या ठरलेल्या सुरांच्या असतात. दोन पट्ट्यांमधल्या श्रुती त्यांत नाहीत, मींड नाही, आंदोलन नाही. याच मुद्द्यावर आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती पुढे तीसेक वर्षे टिकली. आक्षेप खोटा नाही. यंत्र उघडून पाहिलेला माणूस तर तो नाकारूच शकत नाही. पितळेची पट्टी कानस लावून जिथे मिळवली तिथेच बोलणार. मात्र त्या आक्षेपाने यंत्राची मर्यादा हीच वादकाचीही मर्यादा धरली. गोविंदरावांची साथ ऐका. गायक नाजूक श्रुतीवर रेंगाळला की ऑर्गन तिथे सूर धरून वाद घालत नाही. तो आवाज मिटतो, मागे सरतो, नुसता षड्ज उजळत ठेवतो आणि गायक ठाम सुरावर आला की पुन्हा सोबत येतो. जे वाजवता येत नाही तिथे गप्प बसायचे, पण त्या गप्प बसण्याने पोकळी वाटू द्यायची नाही. हे कसब पायाचे आहे.

४

आता मेम्फिसकडे. विजेचा ऑर्गन म्हणजे नकली सूर, अशी माझी बरीच वर्षे धारणा होती. मोटरच्या अनुभवाने ती घट्टच झाली. पुढे सर्किटांच्या ओढीने मी हॅमंड ऑर्गनची रचना वाचली आणि थक्क झालो.

लॉरेन्स हॅमंड हा मूळचा घड्याळे बनवणारा. विजेच्या मुख्य प्रवाहाशी ताल धरून फिरणारी मोटर त्याने घड्याळात वापरली आणि तीच कल्पना १९३५ मध्ये बाजारात आलेल्या ऑर्गनमध्ये आणली. त्या मोटरवर ९१ दातेरी चक्रे फिरतात. प्रत्येक चक्राजवळ लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे असते, आणि चक्राच्या दात्यांमुळे वेटोळ्यात सूर उमटतो. सूर मोटरच्या वेगाला बांधलेला, मोटर विजेच्या वारंवारतेला बांधलेली. अमेरिकेत ती ६०, आपल्याकडे ५०. तिकडचा हॅमंड तसाच आणून आपल्या प्लगला लावला तर सगळे सूर जवळपास तीन पट्ट्या उतरतील. काळी एकचा षड्ज खालच्या काळी पाचवर येऊन बसेल!

हे यंत्र स्वस्तातला चर्चचा ऑर्गन म्हणून विकले गेले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ते रुजले आणि तिथून जॅझमध्ये व सोल संगीतात आले. १९५४ चे बी-३ हे त्यातले सर्वांत नावाजलेले मॉडेल. पट्टी दाबताच होणारा 'टक्' आवाज हॅमंडला दोष वाटे. जिमी स्मिथसारख्या वादकांनी त्यातून ठेका काढला. डॉन लेस्लीने फिरत्या कर्ण्याचा स्पीकर बनवला. तो हॅमंडला पसंत नव्हता, पण वादकांनी तोच उचलला. कर्णा मंद फिरतो तेव्हा सूर हलके डोलतो आणि वेग वाढवला की थरथरतो. यंत्र ज्याने बनवले त्याला त्यातले गाणे माहीत असतेच असे नाही.

बुकर टी. जोन्स हा मेम्फिसचा वादक. १९६२ मध्ये 'ग्रीन अनियन्स' ही गाण्यावाचूनची धून ध्वनिमुद्रित झाली तेव्हा तो सतरा वर्षांचा होता आणि त्याच्यापुढे होता घरगुती वापराचा लहानसा हॅमंड एम-३. आज तो ऐंशी पार केलेला बुजुर्ग आहे. स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीत तो आणि त्याचे साथीदार ओटिस रेडिंगसारख्या गायकांची साथ करीत. त्याचे वादन प्रथम ऐकले तेव्हा मला निराशा वाटली, इतके थोडे? लहान लहान वाक्ये आणि मध्ये भरपूर जागा. चौथ्या-पाचव्यांदा ऐकताना मला माझ्या तालमीतले अण्णा दिसले. या यंत्रातही पट्टीला बोटाचा जोर कळत नाही. लहानमोठेपणा उजव्या पायाखालच्या पॅडलवर आहे. वीज अखंड आहे, सूर कधी दमणार नाही, आणि तरीही पाय त्याला श्वास घ्यायला लावतो.

म्हणजे माझे निदान चुकले होते. अण्णांचा ऑर्गन विजेने बिघडला नव्हता. वीज आणताना मी पाय काढून टाकला, तिथे तो बिघडला.

५

साम्य दाखवण्याच्या भरात फरक बुजवू नये. बुकर टी.चा ऑर्गन गायकाखाली स्वरांचे पुंज धरतो. पुढचा पुंज कोणता हे दोघांनाही ठाऊक असते. गायक त्या जमिनीवर हवे तसे चालतो. आपल्या ऑर्गनवादकाला अशी जमीन मिळत नाही. गायक पुढच्या क्षणी कुठे जाणार हे त्यालाच पुरते माहीत नसते, आणि साथीदाराने निमिषभर मागून सावलीसारखे जायचे असते. सावली पुढे गेली तर गायक अडखळतो, फार मागे पडली तर पद लंगडते. त्यात मंद्रातला सूर जरा उशिराच बोलतो, तेव्हा तिथे बोट आधी पडावे लागते. म्हणजे मागे राहण्यासाठी कधी कधी पुढे जायचे! माझ्या मते हे काम मेम्फिसच्या कामापेक्षा अवघड आहे. मात्र तिकडे ऑर्गनवादकांवर ग्रंथ निघाले, त्यांच्या मुलाखती झाल्या, कोणत्या गाण्यात कोणता ऑर्गन होता याच्या नोंदी राहिल्या. आपल्या जुन्या तबकड्यांवर साथीदाराचे नाव शोधायला गेलो तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. नाट्यसंगीताचे परीक्षण आजही 'ऑर्गनची साथ अनुरूप होती' या वाक्यापाशी संपते. अनुरूप म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही, म्हणून नव्या मुलाला ते शिकायलाही मिळत नाही.

६

आज पायाचे ऑर्गन विरळ झाले आहेत. वजन आहे, वाळवी आहे, सुरांची देखभाल करणारे हात थोडे उरले आहेत. त्यांच्या जागी कीबोर्ड आले आणि त्यात 'ऑर्गन' नावाचे बटणही आले. जुनी माणसे म्हणतात, त्यात जीव नाही. ही तक्रार मी ऐकतो तेव्हा कीबोर्डच्या पाठीमागे जाऊन बघतो. चांगल्या कीबोर्डला तिथे बहुधा एक गोल छिद्र असते, आवाज कमीजास्त करणाऱ्या पॅडलसाठी. मी पाहिलेल्या बहुतेक प्रयोगांत ते छिद्र रिकामे होते. वादकाचे दोन्ही पाय मांडी घालून बसलेले, आणि सुरुवातीला लावून ठेवलेला आवाज शेवटपर्यंत तेवढाच. माझ्या मोटरची चूक आज जागोजागी होते आहे. फरक इतकाच की ती थांबवायला सांगणारे अण्णा आता नाहीत.

गेल्या वर्षी त्याच नाट्यमंडळीतल्या नव्या वादकाला मी असे एक पॅडल जोडून दिले. पहिला महिनाभर त्याचा पाय आणि बोटे एकमेकांशी भांडत होती. आवाज भलत्याच जागी चढे, भलत्याच जागी पडे. पॅडल काढून ठेवू का, असे त्याने दोनदा विचारले. मी त्याला गोविंदराव ऐकायला दिले आणि सांगितले, बोटांकडे लक्ष देऊ नकोस. ओळ संपते तिथे काय होते तेवढेच ऐक.

दिवाळीआधीच्या एका तालमीला मी मागे बसलो होतो. पद संपले. गाणारी मुलगी वळून त्याला म्हणाली, "दादा, आज पेटी वेगळी आणलीस का?"

पेटी तीच होती.