जोहार : अभिवादनाची भाषा आणि जातवास्तव

तुर्की भाषेत निरोप घेताना निघणारा ‘होश्चा काल’ आणि मागे राहणारा ‘ग्युले ग्युले’ म्हणतो. तेथे शब्द प्रसंगाने बदलतो. मराठी गावगाड्यात तो जन्माने बदलत असे. ‘रामराम’ बरोबरीच्यांचा, महारांनी मात्र ‘जोहार’ घालावयाचा. आणि सवर्णांकडून जोहारास जोहार मिळत नसे. चोखोबांनी अभंगात व एकनाथांनी भारुडात हाच शब्द विठ्ठलापुढे नेला. त्यातील केवळ भक्तिभाव वाखाणणारी समीक्षा अपुरी ठरते. अकोले तालुक्यातील (जि. अहमदनगर, आता अहिल्यानगर) धामणगावच्या दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील महारवाडा वाचल्यावर तर ती भाबडीच वाटते, कारण जोहारात नम्रतेइतकीच सक्तीही आहे. ‘जयभीम’ला उत्तर ‘जयभीम’च मिळते.