आमचे दुर्गवाङ्मय आणि विदर्भातील किल्ले

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा मराठा दुर्गांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तेव्हापासून आमच्या दुर्गलेखनास नवा उत्साह आला आहे. त्या यादीत नागपूर-वऱ्हाडाकडील एकही किल्ला नाही. यादी मराठ्यांच्या लष्करी दुर्गांची असल्याने त्याबद्दल आमची तक्रारही नाही. तक्रार आहे ती या लेखनाविषयी. आमचा लेखक गडावर चढतो तो पराक्रमाची कथा बरोबर घेऊनच. बुरूज दिसला की त्यास लढाई आठवते, आणि लढाई आठवली की बुरूज नजरेआड होतो. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'त गडावरचा वारा अंगास लागतो, ही सिद्धी लहान नव्हे. परंतु त्यांच्या अनुयायांच्या हाती बहुधा उमाळाच तेवढा उरला.

वास्तविक दुर्गाकडे बांधकाम म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीस नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १७१५ च्या सुमाराच्या 'आज्ञापत्रा'तील दुर्गप्रकरण पाहावे. तेथे स्तोत्र नाही. आधी पाणी पाहावे, मग गड बांधावा. दरवाजा समोरच्या माऱ्यात येऊ देऊ नये. एकाच दरवाजावर विसंबू नये. आणि शेजारी गडावर मारा करता येईल असा डोंगर नसावा, असल्यास तो सुरुंगाने फोडावा, तेही न साधल्यास बांधून आपल्याकडे घ्यावा. गद्य कसे असावे याचाही तो वस्तुपाठच होय.

यांतील शेवटचे कलम मनात धरून मेळघाटातील गाविलगडास जावे. बहमनी सुलतान अहमदशहाच्या काळातील, १४२५-२६ चा हा किल्ला. दक्षिणेस तुटलेले कडे. उत्तरेस मात्र पठार त्यास येऊन भिडते, म्हणूनच तेथे बाहेरचा कोट घालावा लागला. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीचा सहकारी स्टीव्हन्सन याने डोंगरवाटांनी तोफा ओढून याच बाजूस, लबाड्याकडे, चढविल्या. तटास खिंडार पडले, आणि १५ तारखेस आतला कोट शिडी लावून घेण्यात आला. किल्लेदार बेनीसिंगाचे मरण आमच्या वर्णनांतून येते, ते यावेच. परंतु तट कोणत्या अंगास दुबळा होता हे न सांगता ते शौर्य वाचकास समजावे कसे? तेथील दिल्ली दरवाजावर हत्तींसह गंडभेरुंड कोरलेला आहे. पुढे हा गड दुरुस्त करविणारा फतहुल्ला इमादउल्मुल्क मूळचा विजयनगरकडील हिंदू होता, असे फिरिश्ता सांगतो. एवढ्या एका शिल्पावर स्वतंत्र निबंध व्हावा; आमच्या प्रवासवर्णनांत त्यास एखादे विशेषण मिळते, फार तर दोन.

नागपुरात तर उदाहरण दाराशीच आहे. सीताबर्डीस टेकड्या दोन, एक थोरली, एक धाकटी. २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेताच थोरलीवरील इंग्रजी फौज थेट माऱ्यात सापडली. धाकटी परत घेतल्यावरच तिची सुटका झाली. अमात्यांचे कलम येथेही अक्षरशः लागू पडते. आज जो तट दिसतो तो इंग्रजांनी त्या लढाईनंतर बांधला. सामान्य नागपूरकर मात्र ती लढाई याच तटांआडून झाली असे समजतो.