'एकोपा' मोजायचा कशाने?

व्यवस्थापनाच्या संशोधनात 'एकोपा', 'सुसंवाद' हे शब्द यशाची कारणे म्हणून येतात. आम्हांला खटकते ते त्यांचे मोजमाप. ते पुष्कळदा प्रश्नावलीने, तेही निकाल कळल्यावर होते.

१९७५ साली अमेरिकेतील बॅरी स्टॉ यांनी काही गटांकडून एका कंपनीच्या विक्रीचे व नफ्याचे अंदाज करून घेतले. मग प्रत्यक्ष कामगिरी न पाहताच काहींना 'उत्तम', काहींना 'सुमार' ठरवले. 'उत्तम' ठरलेल्यांनी आपल्या गटात एकोपा व सुसंवाद अधिक असल्याचे नोंदवले!

संकल्पना सैल असली, की निकालाचाच रंग तिच्यावर चढतो; परिणाम कारण म्हणून मिरवतो. म्हणून शाळेच्या निकालाचे श्रेय 'चांगल्या वातावरणा'ला देण्यापूर्वी आपण विचारू या : निकालाआधी ते कोणी, कशाने मोजले होते?